न सांगण्याची नोकरी

निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी कुणी विचारलं की "तुम्ही शाळेत नेमकं काय करायचात हो?" तर माझं उत्तर एकच असतं. मला गप्प बसायचा पगार मिळायचा. हे पुण्याला माहेरी सांगितलं तेव्हा माझा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला आणि वहिनीला पाणी आणावं लागलं. त्याचं हसणं रास्त होतं. आमच्या घरात सल्ला मागायची वेळ कुणावर येतच नाही, तो आधीच मिळालेला असतो. आमटीत गूळ किती, मुलीला कुठलं कॉलेज, शेजाऱ्यांनी गाडी कुठे लावावी, सगळ्यावर आमचं मत तयार. अशा घरातली बाई इंग्लंडात येऊन न बोलण्यावर पोट भरते, हे त्याला खरंच वाटेना.

मेडनहेडजवळच्या एका लहानशा खासगी शाळेत मी गणित शिकवायला लागले आणि शेवटची बरीच वर्षं तिथल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची कोऑर्डिनेटर होते. दिवाळी अंकाच्या वाचकांना हे प्रकरण माहीत नसणार, म्हणून सोपं करून सांगते. इकडे मुलं अकराव्या वर्षी मोठ्या शाळेत जातात आणि तेव्हापासून घरातले सगळे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेकडे डोळे लावून बसतात. मधली वर्षं म्हणजे नुसती वेटिंग रूम. आमचा अभ्यासक्रम म्हणायचा, तसं नाही, हीच तर खरी वर्षं. विषय एकमेकांना जोडून शिकवा, परकी भाषा शिकवा, हातानं काही बनवायला शिकवा, आणि आपल्या आजूबाजूच्या माणसांसाठी काहीतरी करायला लावा. शाळेच्या माहितीपत्रकात छापलं होतं, 'सर्वांगीण विकास झालेला, जगाचा विचार करणारा विद्यार्थी'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला स्नेहसंमेलनातल्या अध्यक्षांचं भाषण आठवलं. असा विद्यार्थी मंगळवारी दुपारी, ओले कोट वाळत घातलेल्या वर्गात, आठवीच्या पोरांमधून कसा काढायचा, ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

त्याची किल्ली एकच. मास्तरनं उत्तर आधी सांगायचं नाही. विचारायचं. मूल चुकीच्या गल्लीत शिरताना दिसलं तरी "अगं, तिकडे नको" म्हणायचं नाही. "तू तिकडे का चालली आहेस?" एवढंच म्हणायचं, आणि तेही मवाळ आवाजात. एकदा आम्ही गणित आणि भूगोल जोडून सकाळची रहदारी मोजायला घेतली. मुलं आठवडाभर गेटवर उभी राहिली. सगळ्यात जास्त गर्दी कोण करतं, तर एकेका मुलाला भल्यामोठ्या गाडीतून सोडणाऱ्या त्यांच्याच आया, असा शोध त्यांनी लावला आणि तो तक्ता रिसेप्शनसमोर टांगला. निष्कर्ष काय निघणार ते मला पहिल्या दिवशीच दिसत होतं. पुढचे काही दिवस गेटवर माझ्याशी कुणी आई बोलत नव्हती.

शाळेत दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय दिवसही व्हायचा, तो मात्र मला कधी आवडला नाही. झेंडे लावायचे, पोरांना नटवायचं आणि आईवडिलांनी आपापलं खाणं आणायचं. मला दरवर्षी समोसे आणायला सांगायचे. मी जन्मात समोसा केलेला नाही. एका वर्षी हट्टानं थालीपीठं नेली आणि जवळजवळ तेवढीच परत आणली. नागपूरचे वडील आणि कार्डिफची आई असलेला एक मुलगा मला विचारत होता, "मिस, मी अर्धं काय घालू?" त्या दिवसापासून मी हेडच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेच्या, मागे लागले की एका दिवसाचं हे सोंग पुरे, जगाचा विचार असा होत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा समोसेच सांगितले.

पण सगळ्यात मोठं दुखणं मार्कांचं. आमच्याकडे टक्के नसत. प्रत्येक विषयात चार कसोट्या, प्रत्येक कसोटीला आठपर्यंत पातळी, आणि मूल कुठे पोचलंय त्याचं वर्णन. इंग्रज पालक कपाळाला आठ्या घालायचे पण गप्प राहायचे. आपली माणसं गप्प कशी राहतील? डॉक्टर मंजिरी आमच्या मराठी मंडळातली, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. माझ्यापेक्षा बरीच लहान, मला ताई म्हणणारी. तिची एकुलती एक मुलगी इरा आमच्या शाळेत होती. पालकसभा संपल्यावर मंजिरी मागे थांबली, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही आपल्यातल्या म्हणून विचारते. खरे टक्के किती?" तिला मनापासून वाटत होतं की खरे टक्के मी कपाटात ठेवलेत आणि ते फक्त मराठी माणसांना दाखवते. नाहीत गं बाई, म्हटलं, तर तिचा चेहरा पडला. ती नाराजी तिनं जपून ठेवली.

आता जे सांगणार आहे ते या इराचंच. इयर नाइनला, म्हणजे तेरा-चौदाच्या वयात, आमच्याकडे प्रत्येक मुलाला एक उपक्रम करावा लागे. कुठल्यातरी लोकांची गरज ओळखायची आणि त्यासाठी काहीतरी करायचं. प्रत्येकाला एक मार्गदर्शक शिक्षक. इरानं मला मागून घेतलं. शाळेत ती मला मिस म्हणायची, मंडळात काकू, आणि एकटं असलं की दोन्ही.

"मिस, आप्पा घरात बोअर होते," ती म्हणाली. "सगळे आजी-आजोबा इथे येऊन स्टक होतात. मला एक आयडिया आला."

आप्पा म्हणजे तिच्या आईचे वडील. पत्नी गेल्यावर साताऱ्याहून लेकीकडे आलेले, उंच, ताठ, नेहमी इस्त्रीचा शर्ट. इराची आयडिया अशी की शनिवारी सकाळी कम्युनिटी सेंटरची एक खोली घ्यायची आणि इथे अडकलेल्या मराठी आजी-आजोबांना इंग्रजी बोलायला शिकवायचं.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि दोन बोटांनी ओठ चिमटीत धरले, तोंडून काही निसटू नये म्हणून. कारण आप्पा साताऱ्याला एका हायस्कूलचे हेडमास्तर होते आणि जन्मभर त्यांनी इंग्रजीच शिकवलं होतं. मला ते मंडळाच्या कोजागरीला कळलं होतं. त्यांच्या घरात राहणाऱ्या नातीला ते माहीत नव्हतं, आणि याचं कारण इथल्या मराठी घरात राहिलेल्या कुणालाही चटकन समजेल. आजी-आजोबा आले की आपण पहिला नियम काय करतो? मुलांशी फक्त मराठीत बोला. तेवढीच त्यांची भाषा टिकेल. मंजिरीनंही विमानतळावरून घरी येतानाच आप्पांना ते बजावलं होतं, आणि आप्पा शब्दाचे पक्के. नातीनं जन्मात त्यांच्या तोंडून इंग्रजी वाक्य ऐकलेलं नव्हतं. मग तिनं काय समजावं?

"त्यांना हे हवंय, हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"आप्पा इंग्लिश बोलतच नाही."

"त्यांना विचारलंस?"

"त्यांना एम्बॅरस वाटेल ना, काकू."

पुढच्या भेटीत मी तेच पुन्हा विचारलं, आणि त्याच्या पुढच्या भेटीत शब्द फिरवून पुन्हा. माझ्या धंद्यात याहून पुढे जाता येत नाही. घरी येऊन मात्र मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. श्रीकांत म्हणाला, सांगून टाक की, एका वाक्याचा तर प्रश्न आहे. तेच तर, म्हटलं. त्या एका वाक्यानं तो उपक्रम माझा होईल, तिचा राहणार नाही. तो म्हणाला, मग मला का सांगतेस? कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून.

पहिल्या शनिवारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं आमंत्रण वाचून सात जण आले. मोठं माणूस हजर हवं म्हणून मी दाराशी बसले. इरानं सुंदर कार्डं रंगवली होती. दुकान, दवाखाना, बस. एकेक कार्ड उंच धरून ती सावकाश म्हणायची, "हाऊ मच इज धिस, प्लीज?" आणि सात जण एका सुरात तिच्यामागून म्हणायचे. त्यांच्यातल्या एक आजी कोल्हापूरच्या कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. एक आजोबा बँकेच्या परदेशी व्यवहारात मुरलेले. कुणी चकार शब्द काढला नाही. डॉक्टरची लेक, एवढ्या हौसेनं कार्डं रंगवलीत, पोरीचं मन कशाला मोडा? सगळ्यात मागे बसलेले आप्पा सगळ्यात मोठ्यानं म्हणत होते. मध्येच त्यांची नि माझी नजर भेटली आणि त्यांनी मान अगदी किंचित हलवली. सांगू नका. तेही जन्मभर मास्तर, त्यांनाही सगळं कळत होतं.

दुसऱ्या शनिवारी तिघं आले. आपली माणसं 'नाही' म्हणत नाहीत, फक्त येत नाहीत. कुणाचा गुडघा, कुणाचा नातू तापलेला. त्यानंतर एकटे आप्पा. रिकाम्या खुर्च्यांपुढे इरा एकट्या आप्पांना कार्डं दाखवायची आणि ते प्रत्येक कार्ड नीट म्हणायचे. दाराशी बसून मी ते बघत राहायचे. एवढं वाईट मला शाळेत क्वचितच वाटलं असेल.

मार्चमध्ये मुलांनी आपापले उपक्रम सगळ्यांसमोर मांडले. एकानं विहिरीसाठी निधी जमवला होता, एकीनं शाळेमागे मधमाश्यांसाठी फुलं लावली होती. इरा पुतळ्यासारखी उभी राहिली आणि पुटपुटली की हजेरी कमी होत गेली. गरज ओळखण्याच्या कसोटीत तिला अगदी खालची पातळी मिळाली. ती मीच दिली, कारण तीच खरी होती.

त्या संध्याकाळी मंजिरीचा फोन आला. आप्पा त्या वर्गात इराला शिकवायला मदत करतात अशीच तिची समजूत होती; खरं काय ते तिला आजच कळलं होतं, आणि पोरीला इतक्यात सांगायचं नाही असं आप्पांनी तिला बजावलं होतं. "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना, ताई? मग एका शब्दानं सांगितलं का नाहीत? आपल्यात कुणी असं बघत बसतं का?"

मी तिला अभ्यासक्रमाचं तत्त्व समजावू लागले आणि माझं मलाच ते पोकळ वाटलं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी इराला दुसऱ्या शाळेत घालते, जिथे चूक झाली की शिक्षक सांगतात. आपल्यात कुणी असं बघत बसत नाही, हे खरंच होतं. मग मी शहाणी होते की नुसती निर्दय, हे मला ठरवता येईना.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात पाहुणे यायचे होते. हा अभ्यासक्रम ज्या संस्थेचा, तिची माणसं काही वर्षांनी येतात, शाळा बघतात, मुलांशी शिक्षकांच्या गैरहजेरीत बोलतात आणि मग कळवतात की मान्यता चालू की बंद. आमच्या गव्हर्नर्सना, म्हणजे शाळेच्या संचालक मंडळाला, हा अभ्यासक्रम तसाही जड झाला होता. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, या वेळी एक जरी गंभीर शेरा आला तरी गुंडाळू आणि सरळ जीसीएसईच्या तयारीला लागू. म्हणजे माझी सगळी वर्षं पाण्यात, आणि मध्यावर असलेली मुलं अर्ध्यातच उतरवलेली. निवृत्तीच्या तोंडावर मला हेच बघायचं होतं का, या विचारानं झोप लागत नव्हती.

हेड, मिसेस व्हिटकम, यांनी पाहुण्यांशी बोलायला मुलं निवडली. विहिरीवाला, मधमाश्यावाली, सगळी चमकणारी. इरा अर्थातच नव्हती. पण त्या दिवशी विहिरीवाला पोट बिघडून घरी राहिला. पाहुण्यांतली करीन नावाची स्वीडिश बाई म्हणाली, हरकत नाही, मी दुसरं कुणी घेते. तेवढ्यात कॉरिडॉरमधून ट्रॉम्बोन या पितळी वाद्याची अवजड पेटी ओढत इरा चालली होती. करीननं तिलाच हाक मारली. व्हिटकमबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

दाराला काचेची उभी पट्टी होती. ऐकू काही येत नव्हतं, दिसत होतं. इरा आधी पेटीच्या कडीशी चाळा करत होती. मग बोलायला लागली. करीन लिहीत होती, मग तिनं पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवणं वाईटच, असं मी धरून चालले. इरा हातवारे करत होती. मध्येच तिनं दोन बोटांनी आपले ओठ घट्ट चिमटीत धरले आणि डोळे मोठे केले. ती माझीच नक्कल होती, हे मला काचेतूनही कळलं. करीन पाठ टेकून हसली.

इरा बाहेर आली, माझ्याकडे बघून ओशाळं हसली आणि पेटी ओढत निघून गेली. करीननं मला आत बोलावलं.

"यात गडबड होणार हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"अवघड गेलं?"

मी पुण्याची आहे हे तिला सांगून काही उपयोग नव्हता. मी नुसतं पुन्हा 'हो' म्हटलं.

मग तिनं मला जे सांगितलं, ते मला अजिबात माहीत नव्हतं. मार्चमध्ये उपक्रम संपला, पातळी मिळाली, शाळेपुरता विषय मिटला. इरानं वर्ग मात्र बंद केला नव्हता. आप्पांना शनिवारी दुसरं काही नसतं, मग बंद कसा करायचा? त्यातल्या एका शनिवारी कार्ड धरता धरता तिला रडू कोसळलं. आणि आप्पांनी लेकीला दिलेला शब्द मोडला. स्वच्छ, संथ इंग्रजीत त्यांनी नातीला सांगितलं की बाळ, मी हीच भाषा आयुष्यभर शिकवली. मला काय येत नाही ते मला विचार.

तिनं विचारलं. आणि त्यांनी सांगितलं, मला इथल्या बसची भीती वाटते. आमच्याकडे घंटी मारायचं काम कंडक्टरचं. इथे कंडक्टरच नाही. बसला हात करायचा माझ्या लक्षात राहत नाही, उतरण्यासाठी बटण कधी दाबायचं ते कळत नाही, चुकीच्या ठिकाणी उतरलो तर लेकीला हॉस्पिटलातून बोलवावं लागेल, म्हणून मी घरातच बसतो. इरानं कार्डं पिशवीत घातली आणि त्याच क्षणी त्यांना घेऊन बसस्टॉपवर गेली. मग ती दोघं मिळून बाकीच्यांच्या घरी गेली. या वेळी व्हॉट्सॲप नाही, दारात जाऊन, सोफ्यावर बसून, चहा घेऊन, "तुम्हाला काय हवंय?" असं विचारलं. जवळजवळ सगळ्यांना तेच हवं होतं. तेव्हापासून दर शनिवारी ही मंडळी बसनं विंडसरला, राजाच्या किल्ल्याच्या गावी, जातात, नदीकाठी चहा पितात आणि परत येतात. मंजिरीला वाटत होतं, आप्पा नातीबरोबर पार्कात फिरायला जातात.

"हे तुमच्या शाळेच्या कुठल्याच कागदावर नाही," करीन म्हणाली.

"नाही."

"छान." मग ती म्हणाली, "शिक्षिकेनं काय मदत केली, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, मिसनं मला तीनदा विचारलं की तू त्यांना विचारलंस का. दर वेळी त्यांचं तोंड असं व्हायचं. तेव्हा मला वाटलं त्या रागावल्यात. त्या मला मदत करत होत्या, ते मला नंतर कळलं."

मी स्टाफरूममध्ये न जाता सरळ गाडीत जाऊन बसले आणि पोटभर रडले. दुःख नव्हतंच त्यात. महिनोन्महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं.

मान्यता राहिली. कुठलाही गंभीर शेरा नव्हता आणि गव्हर्नर्सना बोलायला जागा उरली नाही. व्हिटकमबाईंनी मला मिठी मारली, जे त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. इराकडून सगळं कळल्यावर मंजिरी घरी आली, डब्यात गुळाच्या पोळ्या घेऊन. इराला आम्ही हलवत नाही, म्हणाली. मग जाता जाता दारात, "पण ताई, टक्के असते तर बरं झालं असतं." मी हसून दार लावलं. आणि मी निवृत्त झाले, अगदी हलक्या मनानं. माझ्यानंतर तो अभ्यासक्रम एक तरुण आयरिश शिक्षिका सांभाळते. ती मुळातच कमी बोलते, तिला सोपं जाईल.

निवृत्तीनंतरच्या एका शनिवारी इरा आणि आप्पा माझ्या दारात उभे राहिले. रीतसर आमंत्रण द्यायला आले होते. मी चहा केला, मग निघालो. स्टॉपवर सगळी मंडळी जमली होती, कोल्हापूरच्या आजी पिशवीत चिवडा घेऊन. आप्पांनी हात केला, बस थांबली. विंडसर जवळ आलं तसे ते ताठ बसले आणि मोठ्या रुबाबात त्यांनी बटण दाबलं.

एक स्टॉप आधी.

शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी ओठ मिटले आणि खिडकीतून बाहेर बघितलं. मग न राहवून इराकडे वळले. तिनंही ओठ घट्ट मिटले होते आणि ती माझ्याकडेच बघत होती.

आम्ही सगळे उतरलो. बस निघून गेली. आप्पांनी इकडेतिकडे बघितलं, काय झालंय ते त्यांच्या लक्षात आलं, आणि "चला, एवढं तर चालायलाच हवं" म्हणून ते किल्ल्याच्या दिशेनं पुढे निघाले.